पंचामृत प्यालेलं इंजिन

मुठीत मावेल एवढं इंजिन, आणि आवाज असा की शेजारपाजारचे दुकानदार तराजू टाकून बाहेर येतात आणि आईबापांचा उद्धार करतात. माझं सगळं आयुष्य या आवाजात गेलं. मॉडेल विमानांची इंजिनं मी विकली, दुरुस्त केली, सुरू करता करता दोन्ही हातांची बोटं सोलून घेतली. आज काठी टेकत चालतो, पण लांबून कुठून ती टणटण आली तर काठी पुढे आणि मी मागे अशी गत होते. हल्लीची विमानं बॅटरीवर उडतात. धूर नाही, वास नाही, बोट कापत नाही. चांगलं आहे, पण माझं मन काही त्यात रमत नाही.

माझं दुकान ग्वाल्हेरला, गोरखीच्या मागच्या गल्लीत. त्याआधी मी संस्थानच्या मोटारखान्यात फिटर होतो. संस्थान विलीन झालं, मध्य भारत नावाचं राज्य आलं, मोटारखान्यातल्या गाड्या कुठल्या कुठे गेल्या आणि आम्ही फिटर तेवढे उरलो. नव्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, "टायपिंग येतं?" मी म्हटलं, "टाइपरायटर दुरुस्त करता येतो." ते म्हणाले, "ती जागा नाही." झालं. शिवणयंत्रं, ग्रामोफोन आणि जे काही बिघडेल ते, असं दुकान मी थाटलं. युद्धाच्या दिवसांत इथे उतरलेल्या गोऱ्या सैनिकांनी जाताना काही छोटी विमान-इंजिनं भंगारात विकली होती. त्यातलं एक कोणीतरी माझ्याकडे आणून टाकलं. ते मी सुरू केलं, आणि त्या दिवसापासून शिवणयंत्रांवरचं माझं लक्ष उडालं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. सराफ्यातले एक शेठजी आले. मुलासाठी हातभर लांबीचं विमान केलं होतं आणि त्याला दुकानातलं सगळ्यात मोठं इंजिन हवं होतं. मी परोपरीने सांगितलं, एवढ्याशा विमानाला हे नाकजड होईल. शेठजी म्हणाले, "छोटी चीज हम बेचते हैं, पहनते नहीं।" विमान चाकांवर थोडं धावलं आणि नाकावर उभं राहिलं. दुसरे एक निवृत्त तहसीलदार. त्यांना आवाज न करणारं इंजिन पाहिजे होतं, कारण घरी सांगितलेलं नव्हतं. त्यांना मी पतंग उडवायचा सल्ला दिला, तो त्यांनी मानला.

प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असायचा: सगळ्यात स्वस्त कोणतं? मी म्हणायचो, किंमत राहू द्या, आधी सांगा, याला प्यायला काय घालणार? इंजिनाचे पैसे एकदाच द्यायचे असतात, त्याची तहान मात्र दर रविवारी भागवायची. ज्याचं तेल आपल्या गावात मिळतं, जे बिघडलं तर आपल्या गावात उघडता येतं, आणि जे आपल्या बोटाला दाद देतं, ते स्वस्त. ही व्याख्या माझी मला सुचलेली नाही. आनंदराव साबळ्यांचं विमान उडवता उडवता ती मला कळली.

आनंदराव संस्थानच्या फौजेत वायरलेसवर होते. फौजी घराणं. त्यांचे वाडवडील दक्षिणेतून घोड्यावर बसून आले आणि इथलेच झाले. फौज भारतीय सैन्यात सामील करताना एकेकाची तपासणी झाली. आनंदरावांचा डावा कान जरा कमी निघाला आणि त्यांना वगळलं. बिनतारी संदेश झोपेत उतरवून घेईल असा माणूस रस्ते-इमारतींच्या कचेरीत जावक कारकून झाला. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. कोणी तो विषय काढलाच तर डावा कान पुढे करायचे, म्हणजे ऐकूच येऊ नये.

आमचं नवं राज्य होण्याचे दिवस होते. मध्य भारत मोडून मोठं मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळ, आणि आनंदरावांची कचेरी बिऱ्हाडासकट तिकडे जाणार. दिवाळीच्या तोंडावर सगळं हलायचं होतं. पावसाळा संपता संपता ते दुकानात आले.

"केशवराव, एक इंजिन पाहिजे. सस्तं पाहिजे, पण मरतुकडं नको."

"केवढ्या विमानाला?"

त्यांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "इतकं. अन् वर थोडं. तार नाही, दोरी नाही. मी जमिनीवरून बटण दाबणार अन् तो वर ऐकणार. रेडिओ."

मी हातातला पाना खाली ठेवला. रेडिओवर चालणारं विमान मी परदेशी मासिकातल्या चित्रात पाहिलं होतं. ग्वाल्हेरात असं कोणी काही करत असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. मी दुकान तसंच टाकून त्यांच्या घरी गेलो. पडवीत, दोन खाटा जोडून, त्यावर ते विमान होतं. बांबूच्या कामट्या, हलकं लाकूड, वरून पातळ कागद, आणि कागदावर नीट लावलेलं वॉर्निश. पोटात वॉल्व्हचा रेडिओ आणि बॅटऱ्या. शेपटीपर्यंत रबराचा एक पीळ. मी अक्षरशः लहान मुलासारखा त्याच्याभोवती फिरलो.

युक्ती सोपी होती. बटण दाबलं की रबराचा पीळ एक घर सुटतो आणि शेपटीचं पान उजवीकडे वळतं. सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की डावीकडे. सोडलं की सरळ. बस्स. वर-खाली नाही, वेग कमी-जास्त नाही. तेल संपलं की इंजिन बंद पडणार आणि विमान तरंगत उतरणार. यात खरी मेख अशी की मागच्या वेळी उजवीकडे वळलो होतो की डावीकडे, हे माणसाने लक्षात ठेवायचं. चुकला की विमान उलट्या दिशेला.

आनंदराव घरी रोज सराव करायचे. टेबलावर पान जोडून बटण दाबायचे आणि आत टक्‌ आवाज व्हायचा. त्यांच्या पत्नी ताराबाई समोर तांदूळ निवडत बसलेल्या असत. ती टकटक ऐकून ऐकून त्यांच्याही तोंडात बसली होती. खडा काढता काढता पुटपुटायच्या, "उजवं... डावं... उजवं..." आणि मग एकदम चिडायच्या.

मला बघून त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक गोष्ट साफ सांगून ठेवते. हे विमान भोपाळला नाही येणार. तिथे क्वार्टर दोन खोल्यांचं. पंख आत ठेवले तर माणसं बाहेर झोपतील. उडवायचं तर इथेच उडवून टाका."

"तुमच्या वहिनी बरोबर बोलून राहिल्या," आनंदराव हळूच म्हणाले. "अन् वायरलेसचा परवानाही इथल्याच पत्त्याचा आहे. तिकडे पुन्हा कधी मिळेल, मिळेल का नाही, काही पता नाही. दसऱ्याला उडवायचं. एकदा ऐकलं पाहिजे त्याने माझं."

शेवटचं वाक्य ते विमानाकडे बघत बोलले. फौजेने नाही म्हटलेल्या माणसाला निदान हे विमान तरी हो म्हणावं, एवढीच त्यांची मागणी होती, आणि त्यासाठी उरला होता एक दसरा.

पहिलं इंजिन त्यांच्या खिशाला जवळजवळ फुकटच पडणार होतं. गोऱ्यांनी टाकलेल्यांपैकी माझ्याकडे एक उरलं होतं, मोटारगाडीसारखं ठिणगीवर चालणारं. ताकद भरपूर. आम्ही ते विमानाला जोडलं आणि पडवीतच सुरू केलं. इंजिन गरजलं मात्र, शेपटीचं पान वेड लागल्यासारखं फडफडायला लागलं. उजवं, डावं, उजवं, डावं. आनंदरावांनी दोन्ही हात वर करून दाखवले: मी बटणाला हातही लावलेला नाही! इंजिन बंद केलं, पान शांत. सुरू केलं, पुन्हा फडफड. मी पान तपासायला लागलो, रबर तपासायला लागलो, आणि आनंदराव मात्र खाटेवर बसून हसायला लागले.

"अरे यार, ठिणगीच ती! रेडिओची सुरुवातच ठिणगीने झाली ना. हे इंजिन स्वतःच स्टेशन चालवून राहिलंय, अन् माझा रेडिओ त्याचं ऐकतोय."

म्हणजे फुकटचं इंजिन गेलं. दुसरा पर्याय मुंबईहून येणारा, तारेच्या पेटत्या प्लगचा. हलकं, चपळ, ठिणगी नाही. मी जवळजवळ मागवलंच होतं. पण त्याला प्यायला स्पिरिट लागतं आणि स्पिरिटाला परवाना. मी आबकारी कचेरीत गेलो. तिथे गठ्ठे बांधणं चालू होतं. बाबू सुतळीला दाताने गाठ मारत म्हणाला, "अब तो सब भोपाल से होगा। वहीं पूछिए।" भोपाळला जाणाऱ्या एका ओळखीच्याला विचारायला सांगितलं. तो परत येऊन म्हणाला, तिथे अजून टेबलंच पोचलेली नाहीत. एक राज्य उठलं होतं, दुसरं बसलं नव्हतं, आणि आमचं विमान मध्येच लटकलं होतं. शिवाय तो प्लग जळला की पुन्हा मुंबई. म्हणजे इंजिन परवडणार आणि त्याचा संसार परवडणार नाही.

तिसरं ते डिझेल. नाव मोठं असलं तरी वस्तू सुपारीच्या डब्याएवढीच. ठिणगी नाही, प्लग नाही. डोक्यावर एक स्क्रू असतो, तो पिळून आतला दाब वाढवायचा आणि बोटाने पंखा फिरवायचा, की दाबानेच तेल पेटतं. तेल म्हणजे घासलेट, एरंडेल आणि ईथर, साधारण सारखे भाग. घासलेट कोपऱ्यावर, एरंडेल तेलघाण्यावर, आणि ईथर, म्हणजे भूल द्यायचं औषध, औषधवाल्या गुप्ताजींकडे. विलायती डिझेल आनंदरावांना झेपण्यासारखं नव्हतं, पण कलकत्त्याचे एक कारागीर त्याच धर्तीचं इंजिन घडवत असत. दिसायला ओबडधोबड, वजनाला थोडं जास्त, किंमत आवाक्यातली. मी ते मागवलं. पार्सल आलं तेव्हा सुतळी सोडवायचाही धीर आम्हाला राहिला नाही, पकडीने कापली.

गुप्ताजींकडे ईथर मागितलं तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "केशवजी, घर में किसी का ऑपरेशन है?"

"विमान का," मी म्हटलं.

त्यांनी बाटली दिली, आणि वर बजावलं की हुंगून बघू नका.

नवं इंजिन भलतंच ताठर. पंखा फिरवताना अंगठा सुजला. अशा इंजिनाला आधी बाकावर घट्ट बसवून, थोडं थोडं चालवून, निवू देऊन, पुन्हा चालवून माणसाळवावं लागतं. तेलाची सुई कुठे, डोक्याचा स्क्रू कुठे, ही प्रत्येकाची आपली जागा असते. ती सापडेपर्यंत ते शिंकतं, लाथ मारतं, बोट फोडतं. मी ती शोधून काढली. अष्टमीच्या संध्याकाळी एका टिचकीत इंजिन सुरू झालं आणि असं सलग, गोल आवाजात चाललं की आनंदरावांनी दुकानातच मला मिठी मारली. समोरचा हलवाई नेहमीप्रमाणे ओरडत आला, तर आनंदरावांनी त्यालाही मारली.

माझे वडील, नाना, तेव्हा दुकानात बसले होते. आमचं घर पुजाऱ्यांचं. नानांनी हयातभर संस्थानच्या एका देवळात पूजा केली होती, आणि मुलगा पाने-पकडीत रमला तरी त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट दरवर्षी खंडेनवमीला सोवळं नेसून दुकानात यायचे आणि माझ्या हत्यारांची पूजा करायचे. आमच्याकडे त्या दिवशी तलवारीला जो मान तोच कानशीला.

आनंदराव आनंदाच्या भरात नानांच्या पाया पडले आणि म्हणाले, "नाना, उद्या याचीही पूजा करा. तुमच्या हाताने याच्यात जीव येऊ द्या. परवा उडायचंय त्याला."

"येईल हो, येईल," नाना म्हणाले.

नवमीला सकाळी मी इंजिन बाकावरून सोडवलं, पुसलं, पाटावर ठेवलं आणि ताज्या ईथरसाठी गुप्ताजींकडे गेलो. सणामुळे दुकान बंद, म्हणून त्यांच्या घरी जावं लागलं. परत आलो तो दुकानात उदबत्त्यांचा घमघमाट. पाने, हातोड्या, कानशी ओळीने गंध लावून बसलेल्या. आणि मधोमध, तांब्याच्या ताम्हनात, आमचं इंजिन. चकचकीत. अंगावर हळदकुंकू, अक्षता, आणि नाकात, म्हणजे जिथून ते श्वास घेतं त्या भोकात, झेंडूचं एक टपोरं फूल.

"नाना, हे ओलं कशाने?"

"अरे, स्नान घातलं," नाना प्रसन्नपणे म्हणाले. "हत्यारांचं वेगळं, याच्यात जीव यायचा म्हणतो आनंदराव. मग प्राणप्रतिष्ठा नको? पंचामृताने यथासांग अभिषेक केला. बोटाने जरा फिरवून सगळीकडे पोचवलंसुद्धा."

दूध, दही, तूप, मध, साखर. त्यावर कुंकू. आणि ते फिरवून पार आतपर्यंत ओढून घेतलेलं. मी पंखा हलवून पाहिला. तो गच्च बसला होता.

तेवढ्यात आनंदराव आणि ताराबाई आले, इंजिन घेऊन जायला. माझ्या चेहऱ्याकडे आणि ताम्हनाकडे बघून आनंदरावांना सगळं कळलं. ते मागे वळून दुकानाच्या पायरीवर बसले. नानांना पहिल्यांदा काही समजेना, आणि समजलं तेव्हा त्यांचा हात तसाच पळीवर राहिला. मला त्यांचा रागही आला आणि कीवही. ते उठले, सोवळं सावरलं, आणि मागे न बघता घरी गेले. मागून कळलं की त्या दिवशी त्यांनी नैवेद्याच्या पानाला हात लावला नाही.

मी घासलेटचा डबा ओढला. ताराबाई म्हणाल्या, "थांबा थांबा. साखर-मध आहे ना? घासलेटने ते हलणार नाही, नुसतं लडबडेल. आधी कोमट पाणी. मग तुपासाठी तुमचं घासलेट. रोज देवांची आंघोळ करते मी."

"वहिनी, पाण्याने गंजेल."

"मग फटाफट पुसा अन् तेल लावा. तुमचं काम तुम्ही करा."

आनंदराव पायरीवरून उठले. तिघांनी मिळून इंजिन उघडलं. एकेक तुकडा कोमट पाण्यात, मग घासलेटात, मग एरंडेलात. आनंदरावांनी आपल्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा आणला. कुंकवाचा कण राहिला तर आतली नळी ओरखडणार, म्हणून मी तीच तीच नळी पुसत राहिलो. दिवेलागणीला शेवटचा स्क्रू बसला. पंखा फिरला. पण सुई आणि स्क्रू यांच्या ज्या जागा मी इतक्या दिवसांत शोधल्या होत्या, त्या उघडताना हलल्या होत्या. सुरू करून बघायला धीर होईना. ताजं ईथर एका उड्डाणापुरतंच होतं आणि गुप्ताजी सकाळीच सासुरवाडीला जाणार होते. ठरलं, जे होईल ते मैदानावर.

दसऱ्याची सकाळ. घरून निघताना नाना अंथरुणावर बसलेले. देवपूजा त्यांनी मला करायला सांगितली. "आज माझा हात नको," एवढंच म्हणाले.

मेळ्याच्या मैदानापलीकडे मोकळा माळ आहे. वारा पडलेला. आनंदराव फौजेतली जुनी खाकी घालून आले होते, तिच्यावरचे बिल्ले काढलेले. बघता बघता तीस-चाळीस माणसं जमली. चहावाला पण आला. ताराबाईंनी पदर खोचून विमानाचा पंख धरला आणि मी पंख्याला पहिली टिचकी मारली.

काही नाही. दुसरी. स्क्रू थोडा पिळला. तिसरी. सुई थोडी सोडली. इंजिन शिंकलं आणि माझ्या बोटाला लाथ बसली. रक्त आलं. मागून कोणीतरी म्हणालं, "नहीं चलेगा।" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्क्रू अर्धा फेरा मागे, बोट तोंडात घालून पुसलं, आणि सगळा जीव एकवटून मारली.

टर्रर्र... आणि मग ती टणटण! गोल, सलग, अष्टमीची. मागून धुराबरोबर असा वास आला की ताराबाई ओरडल्या, "अहो, खवा करपला कुठेतरी!" नळीत कुठे उरलेलं पंचामृत जळत होतं. माणसं हसली, मी हसलो, आनंदराव मात्र हसले नाहीत. त्यांनी बटणाची पेटी छातीशी धरली आणि मान हलवली.

सोडलं. विमान चाकांवर धावलं, उड्या मारत धावलं, एकदा पंख टेकता टेकता राहिला, आणि मग चाकांखाली उजेड दिसला. उडालं! वर, वर, सरळ छोट्या लाईनीच्या रेल्वे रुळांच्या दिशेने. आनंदरावांनी बटण दाबलं.

काही झालं नाही. विमान सरळच चाललं होतं. एक श्वास गेला. मी मनात सगळ्या देवांना हाका मारल्या. आणि मग तो मोठा पिवळा पंख हळूच कलला, आणि विमान उजवीकडे वळायला लागलं. कोणी ओढत नव्हतं, कोणी धरलं नव्हतं. माणूस इथे उभा होता आणि ते तिथे वळत होतं. जमलेल्या लोकांतून असा काही आवाज निघाला की चहावाल्याची किटली कलंडली.

"ऐकलं!" मी ओरडलो. "आनंदराव, ऐकलं!"

त्यांनी सोडलं, सरळ. पुन्हा दाबलं, डावं. आमच्या डोक्यावरून विमान गेलं, मागच्या बाजूला फिरलं, पुन्हा आलं. इंजिन गात होतं. तिसऱ्या घिरटीला ते झाडांच्या रांगेकडे निघालं आणि आनंदरावांचा अंगठा बटणावर थबकला. त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. मला कळलं, ते मोजणी विसरले होते. आता दाबलं आणि उजवीकडे वळलं तर झाडांत. न दाबावं तरी झाडांत.

"डावं!" ताराबाईंचा आवाज आला. "मघाशी उजवं झालं, आता डावंच आहे! दाबा हो!"

आनंदरावांनी उलटून विचारलं नाही. दाबलं. विमान डावीकडे कललं आणि शेवटच्या झाडाच्या शेंड्यावरून अलगद बाहेर निघालं. त्यानंतर ताराबाई त्यांच्या उजव्या कानाशी उभ्या राहिल्या आणि एकसारख्या म्हणत राहिल्या: उजवं, डावं, उजवं. तांदूळ निवडताना म्हणायच्या तशाच. पण हातात ताट नव्हतं आणि डोळे आभाळात होते.

तेल संपलं. इंजिन थांबलं आणि एवढ्या गोंगाटानंतर माळावर सामसूम झाली. विमान तरंगत, शेवटचं एक वळण ऐकत खाली आलं, चाकं टेकली, थोडं धावलं, आणि दगडाला अडखळून नाकावर गेलं. पंखा मोडला. बाकी सगळं शाबूत. लोक धावले. आनंदराव मात्र जागच्या जागी उभे होते. मी जवळ गेलो तेव्हा ते रडत होते, आणि लपवतही नव्हते.

"शेवटपर्यंत ऐकलं त्याने," ते म्हणाले.

विमान भोपाळला गेलं नाही. ते माझ्या दुकानाच्या छताला टांगायचं ठरलं. रेडिओ आणि इंजिन मात्र ताराबाईंनी स्वतःच म्हटलं की ट्रंकेत लुगड्यांच्या मध्ये मावतील. संध्याकाळी शमीची पानं घेऊन, सोनं द्यायला, दोघं आमच्या घरी आले. नाना आतल्या खोलीत होते. आनंदराव थेट आत गेले, त्यांना सोनं दिलं, पाया पडले, आणि खिशातून इंजिन काढून त्यांच्या पुढ्यात पाटावर ठेवलं. ते अजून तेलकट होतं आणि त्याला करपलेल्या खव्याचा वास येत होता.

"नाना, काल पूजा अर्धी टाकून आलात. उत्तरपूजा राहून गेली ना?"

"माझा हात नको रे बाबा," नाना म्हणाले. "मी तर त्याचा जीवच घेत होतो."

"तुम्ही जीव घातला. सगळ्यांनी बघितला आज, केशवरावांना विचारा. आम्ही भोपाळला निघून राहिलो नाना. अशी अर्धी पूजा घेऊन कसं जायचं, तुम्हीच सांगा."

नानांनी इंजिन उचलून सगळीकडून फिरवून पाहिलं आणि पुन्हा पाटावर ठेवलं. मग त्यांनी माझ्याकडून अक्षतांची वाटी मागून घेतली, आणि मान वर न करता मला विचारलं, "याचं नाक कुठलं?"

मी बोटाने दाखवलं. नानांनी डाव्या हाताचा अंगठा त्या भोकावर घट्ट दाबून धरला. मग उजव्या हाताने चार अक्षता इंजिनाच्या डोक्यावर वाहिल्या आणि गणपती निघताना म्हणतात तेच म्हणाले: "पुनरागमनाय च."

उरलेल्या अक्षता त्यांनी आनंदराव आणि ताराबाईंच्या डोक्यांवर टाकल्या, आणि तेच पुन्हा एकदा म्हणाले.